घुबडाची वाट

वहिनीचं शिवणाचं दुकान म्हणजे एक मशीन, एक उभा आरसा आणि कपडे बदलायला पडदा लावलेला कोपरा. एरवी तिथे चेन बदलायला आणि पँटची उंची कमी करायला माणसं यायची. उन्हाळा चढला की मात्र गिऱ्हाईक पालटायचं. कुणाला जॅकेटच्या पाठीवर अंधारात चमकणारी पट्टी हवी, कुणाला मोबाइलसाठी आतून चोरखिसा. एकाला तर अख्खा अंगरखा आरशाच्या तुकड्यांनी मढवून हवा होता. शहराबाहेरच्या मैदानावर दर उन्हाळ्यात डीजेंचा मोठा महोत्सव भरायचा, आणि त्याच्या आधीचे काही आठवडे मापं घेताना सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असायचा: यंदा लाइनअपमध्ये कोण?

आयोजकही वस्ताद. नावं एकदम सांगतील तर शपथ. थोडी आज, थोडी पुढच्या आठवड्यात, असं लोकांना झुलवत ठेवायचे. वहिनीची नणंद दातांच्या दवाखान्यात कामाला होती. बूड टेकवून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. दवाखाना सुटला की ती थेट दुकानात यायची आणि मोबाइलकडे डोळे लावून कापडाच्या गठ्ठ्यावर बसायची.

शेवटची नावं आली त्या दिवशी ती एवढ्या जोरात ओरडली की वहिनीच्या मशीनचा धागाच तुटला.

"वहिनी! घुबड! घुबडच असणार!"

"कुठंय?" वहिनीने दचकून छताकडे पाहिलं.

"अगं, डीजे घुबड. हे बघ, दुसरा दिवस, छोटा मंडप, संध्याकाळी आधी काजळी म्हणून कुणी नवी डीजे, आणि मग नुसतं लिहिलंय 'पाहुणा'. नाव नाही. घुबडाशिवाय कोण असणार?"

घुबड म्हणजे तोंडावर मुखवटा चढवून वाजवणारा एक डीजे. ऐन भरात असताना एक दिवस वाजवणं सोडून गायब झालेला. त्याचा चेहरा कुणी पाहिला नव्हता. तो परत येणार अशी आवई दर उन्हाळ्यात उठायची.

"घुबड दिसलं तर लोक दारं लावून घेतात," वहिनी सुईत धागा ओवत म्हणाली, "आणि तुम्ही तिकीट काढून त्याची वाट बघता. धन्य आहे."

भिंगरी हसली. वहिनीही हसली, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात राहिली. मंडप छोटा होता, आणि वाट बघणारे काही थोडेथोडके नव्हते.

पुढचे दिवस तिने ते आपल्या कानांनी ऐकलं. पट्टीवाला म्हणाला, आम्ही सगळे घुबडाला जाणार. चोरखिशावाली म्हणाली, मी तर दुपारपासूनच जागा धरणार. आरशांचा अंगरखा घालून बघायला आलेला म्हणाला, मोठ्या स्टेजवर जातंय कोण, काकू, सगळी छोट्या मंडपातच असणार. टाचण्या दातात धरून वहिनी ऐकत राहायची, आणि प्रत्येक 'मी पण' सरशी तिच्या हातातली टेप ओली व्हायची.

तिची भीती हवेतून आलेली नव्हती. कॉलेजात असताना एक सामना बघून परतताना ती स्टेडियमच्या जिन्यावर अडकली होती. खालचं दार बंद होतं आणि वरून माणसं येतच होती. तिचे पाय पायरीवरून सुटले आणि ती माणसांच्या मध्येच उभी टांगली गेली. पुढच्या मुलीची वेणी तिच्या तोंडात होती. ओरडायला श्वास लागतो, तोच नव्हता. ती वाचली. ती वेणीवाली मुलगी वाचली नाही. तेव्हापासून वहिनी बाजारात जायची ती दुपारी, सगळं जग जेवून आडवं झालं की. घरात यावरून चेष्टा व्हायची आणि ती करू द्यायची.

नवरा बोटीवर नोकरीला. भिंगरीला जाऊ द्यायला नको, असं ती फोनवर म्हणाली तेव्हा त्याने नेहमीचंच ऐकवलं. "अगं, ती काय कुक्कुलं बाळ आहे? तू तर स्वतःच्या सावलीलाही भितेस."

मग तिने जिन्याची गोष्ट भिंगरीला सांगितली. सगळी, वेणीसकट. भिंगरीने हातातला मोबाइल खाली ठेवला.

"वहिनी, पण तो जिना होता. हे मैदान आहे."

"मैदानात मंडप आहे ना? मंडपाला कुंपण आहे ना?"

"मग तू चल. माझी मैत्रीण येत नाहीये, तिचं तिकीट आहे. तू बरोबर असलीस की तू म्हणशील तिथे उभी राहीन. शप्पथ."

वहिनीला नाही म्हणायचं होतं. पण घरी बसून वाट बघायची कल्पना तिला त्याहून वाईट वाटली. ती हो म्हणाली.

महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघी छोट्या मंडपात पोचल्या. वर ताणलेलं पांढरं कापड, तिन्ही बाजूंना कमरेच्या वर येणारं लोखंडी कुंपण, समोर स्टेज, आणि आत यायला मागची एकच बाजू मोकळी. वहिनीने आधी बाहेर पडायची वाट बघितली, मग बाकीचं. मागच्या बाजूला एका उंच चौथऱ्यावर आवाजाची यंत्रं मांडून एक दाढीवाला साउंडवाला बसला होता. चौथऱ्याच्या कठड्याला पाठ लावून वहिनी उभी राहिली.

"इथून हलायचं नाही."

"वहिनी, इथून स्टेजवर मुंगी वाजवतेय का माणूस तेही कळत नाही!"

"मुंगी असली तरी ऐकू येईल. कानठळ्या बसतायत."

स्टेजवर काजळी नावाची मुलगी वाजवत होती. तिशीही न गाठलेली, डोळे काजळाने भरलेले. पहिल्यांदाच एवढ्या महोत्सवात आलेली, भिंगरीने सांगितलं. लोक तिच्या तालावर नाचत होते, पण नजरा तिच्या मागच्या काळ्या पडद्यावर होत्या. बेसचा ठोका जमिनीतून वहिनीच्या टाचांत यायचा आणि थेट छातीत जायचा. आपलं काळीज कुठलं आणि तो ठोका कुठला, हे तिला समजेना.

थोड्या वेळाने भिंगरीला पुढे दवाखान्यातली मैत्रीण दिसली. "पाच मिनिटं! भेटते आणि येते!" वहिनीने हात धरायच्या आत ती माणसांत शिरली. तिचा पिवळा रुमाल थोडा वेळ दिसला, मग दिसेनासा झाला.

त्यानंतर जे झालं ते फार वेळ घेऊन झालं नाही. कुणीतरी पडद्यामागचा एक फोटो टाकला. अंधूक, पण त्यात खुर्चीवर ठेवलेला मुखवटा होता, गोल डोळ्यांचा. मोबाइल एकामागून एक उजळले. "आलाय! घुबड आलाय!" मोठ्या स्टेजकडची माणसं धावत सुटली, आणि मंडपाच्या त्या एकुलत्या मोकळ्या बाजूने आत घुसू लागली.

वहिनीच्या खांद्याला पहिला धक्का लागला. मग दुसरा. मग धक्के लागायचे थांबले, कारण मधे जागाच उरली नाही. समोरची गर्दी एकदम डावीकडे कलली आणि पुन्हा उजवीकडे, भरलेल्या बादलीतलं पाणी हिंदकळावं तशी. एवढी माणसं ठरवून तशी कलत नाहीत. तिला ते ओळखू आलं. पळ, असं अंगातला कण न् कण सांगत होता. कठड्याला धरून मागे सरकलं असतं तर ती एकटी सुटलीही असती.

ती कठड्यावर चढली. कशी चढली, ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. साडी नव्हती नेसली ते बरं, एवढंच ती नंतर म्हणायची.

"ओ बाई, इथं यायचं नाही!" साउंडवाला ओरडला.

"बंद करा! गाणं बंद करा! पुढची माणसं चेंगरतायत!"

"माझ्या हातात नाही ते! वरून सांगावं लागतं!" त्याने वॉकीटॉकी कानाला लावला. पलीकडून नुसती खरखर. त्याने बटण पुन्हा दाबून पाहिलं. "नेहमीच असं असतं हो. नाचतात."

"नीट बघा. हात बघा त्यांचे."

त्याने पाहिलं. मागच्या माणसांचे हात हवेत होते, ठोक्यावर हलत होते. पुढे, स्टेजजवळ, शेकडो डोकी वर तोंड करून होती आणि एकही हात वर नव्हता. हात वर काढायला जागाच नव्हती. साउंडवाल्याचा चेहरा उतरला. त्याने एक छोटा माइक तिच्यासमोर सरकवला. "हे फक्त स्टेजवर तिला ऐकू जातं, हेडफोनात. माझं ऐकणार नाही ती, म्हणेल माझं वाजवणं मधेच तोडतोय. तुम्ही बोला."

वहिनीला आवाज फुटेना. जिन्यावर फुटला नव्हता तसाच. तिने कठड्याची कड घट्ट धरली.

"बाळा," ती म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही. "बाळा, खाली बघ. समोरची माणसं नाचत नाहीयेत. त्यांना श्वास येत नाहीये."

स्टेजवरची मुलगी दचकली. तिने हेडफोन कानाला दाबला, मग मान खाली घालून पाहिलं. आणि तिने सगळंच बंद केलं.

ठोका थांबला तसं खालचं ऐकू आलं. आरडाओरडा फारसा नव्हता. बारीक कण्हणं होतं, एखाद्या आजारी घरातून येतं तसं. मागची माणसं मात्र आनंदाने किंचाळली. त्यांना वाटलं, पाहुणा येतोय. आणि त्यांनी आणखी एक जोर लावला. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"मागे सरा!" काजळी माइकवर ओरडली. "माणसं मरतायत, मागे सरा!" कुणी हललं नाही. लांबच्यांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. तिने वळून पडद्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि मग अगदी कोरड्या आवाजात म्हणाली, "घुबड येणार नाहीये. ऐकलं का? तो फोटो खोटा आहे. इथे आज कुणीही येणार नाही. वीज बंद करतोय आम्ही. घरी जा."

आधी शांतता, मग शिव्या. एक बाटली स्टेजवर येऊन आपटली. पण मंडपाच्या तोंडाशी लोक पाठ फिरवू लागले. "फसवलं साल्यांनी!" म्हणत, चरफडत, एकेक करून निघाले. दाब मागून सैल होत गेला. शेवटी पुढच्या रांगांत कुणाचीतरी खांद्यांमध्ये अडकलेली कोपरं सुटली, कुणी मटकन खाली बसलं. कुंपणावरून माणसं उचलून पलीकडे घ्यायला सुरुवात झाली.

भिंगरी वहिनीला प्रथमोपचाराच्या तंबूत सापडली. ओठ निळसर, एक बूट नाही, श्वास अर्धा अर्धा. दोन बरगड्यांना तडा गेला होता. वहिनीला बघून ती रडली नाही; तिने नुसता हात घट्ट धरला आणि सोडेचना. शेजारच्या खाटेवर आरशांच्या अंगरख्यातला मुलगा पडून होता, आणि कुणीतरी तो अंगरखा कात्रीने कापून काढत होतं. त्या दिवशी कुणी दगावलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, आणखी थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं.

काजळी तंबूच्या दाराशी आली. काजळ गालांवर ओघळलेलं. तिने वहिनीचा आवाज ओळखला.

"मला बाळा म्हणालात ते तुम्हीच ना?"

"हो गं. तुझं नाव आठवेना."

मुलगी हसायला गेली आणि हुंदका आला. मग हळूच म्हणाली, "तो आला होता. पडद्यामागे होता. मी लोकांना खोटं सांगितलं."

"मग आता कुठे आहे?"

तिने बाहेर बोट दाखवलं. कुंपणाजवळ एक जाडगेला, अर्ध्या टकलाचा माणूस अजूनही लोकांना पाण्याचे पेले देत होता. भिंगरीने मान वळवून पाहिलं. "त्यानेच मला वर ओढलं," ती पुटपुटली. "काखेत हात घालून. देवासारखा." तो कोण, हे वहिनीने तिला तेव्हा सांगितलं नाही. तिच्यात अजून काही ऐकायची ताकद दिसत नव्हती.

फुगवलेल्या बातम्या दुसऱ्याच दिवशी आल्या. काजळीने लाइनअपची वाट लावली, लोकांची फसवणूक केली, असं लिहिणारे पुष्कळ होते. वहिनीने ते वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खाली स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, चुका करत करत. त्याच्यावरही चार जण तुटून पडले.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. त्याने आधी बहिणीच्या बरगड्यांचं विचारून घेतलं. नंतर म्हणाला, "तू घाबरली नाहीस?"

"अजून घाबरलेली आहे," ती म्हणाली. "आत्ता बोलतानाही."

महिन्याने भिंगरीच्या बरगड्या दाखवून दोघी हाडांच्या दवाखान्यातून परतत होत्या. बस आली, दारापर्यंत भरलेली. वहिनीने मन घट्ट करून एक पाय पायरीवर ठेवला. दुखऱ्या पोरीला एवढं अंतर चालवणं तिला बरं वाटत नव्हतं. पण मागून कुणी चढेना. तिने वळून पाहिलं. भिंगरी फुटपाथवर उभी होती, पांढरीफटक, दोन्ही हात छातीशी धरून.

कंडक्टर खेकसला, "येताय का जाताय?"

वहिनीने पाय काढून घेतला. बस निघून गेली.

"चालत जाऊ," ती म्हणाली. "सावलीसावलीने. थांबत थांबत."

"लोक हसतील वहिनी. एवढ्याशा बसला भिते म्हणून."

"हसू देत की. मला इतकी वर्षं हसतायत, आता दोघींत वाटून घेऊ."

भिंगरीने तिच्या कोपरात हात घातला. वहिनीला तिची थरथर आपल्या दंडाला लागताना कळत होती, आणि आपली तिला कळत असणार हेही. दोघी तशाच हळूहळू निघाल्या.