नाताळच्या गोठ्यातला एककानी बैल

मित्रांनो, बैल म्हटलं की तुम्हाला नांगर आठवेल, नाही तर बेंदराचा गुलाल. माझ्या नशिबी त्यातलं काहीच आलं नाही. मी आहे प्लॅस्टरचा बैल, आणि चांगला जुना आहे. सोलापुरातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत दर नाताळाला येशूजन्माचा गोठा मांडतात, त्यात बसून राहायचं, एवढंच माझं काम. वर्षातले अकरा महिने मी सामानाच्या खोलीत अंधारात असतो आणि एक महिना व्हरांड्यात उजेडात. त्या एका महिन्यात मी डोळे फाडफाडून सगळं बघतो आणि कान देऊन सगळं ऐकतो. कोणी याला भोचकपणा म्हणेल. मी चौकसपणा म्हणतो.

कान देऊन म्हणालो खरा, पण मला कान एकच आहे. ते कसं झालं, तेही सांगतो.

माझा जन्म चनमल्लप्पा नावाच्या मूर्तिकाराच्या हातचा. भाद्रपदात गणपती आणि बाकी वर्षभर मागाल ते, असा त्यांचा धंदा. त्या वर्षी शाळेत मरिया, योसेफ, गाढव, मेंढ्या असं सगळं मुंबईहून आलं होतं. बैल मात्र वाटेतच फुटला होता. तेव्हाच्या सिस्टर चनमल्लप्पांकडे गेल्या आणि म्हणाल्या, गोठ्यात बसलेला एक बैल हवा. चनमल्लप्पांनी मान डोलावली. बसलेला बैल म्हणजे त्यांच्या लेखी एकच, महादेवासमोरचा नंदी. त्याचा साचा तर घरातच होता. चार दिवसांत मी वाळून, रंगून तयार झालो. पाठीवर हे एवढं वशिंड, गळ्यात घुंगुरमाळ, अंगावर तांबडी झूल आणि एक पाय पुढे घेऊन बसायची ऐट.

सिस्टर मला बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. झुलीवर तपकिरी रंगाचा हात फिरला, घुंगुरमाळ तशीच राहिली. आकारातही मी जरा जास्तच झालो होतो. माझ्या शेजारी गाढव शेळीएवढं दिसतं आणि योसेफबाबा माझ्या शिंगांच्या वर जेमतेम डोकंभर येतात. पण पालकांना मी फार आवडलो. मुलांना घ्यायला आले की ते माझ्यापाशी थांबायचे आणि म्हणायचे, हा तर आपल्याकडचाच बैल. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

कौतुकाचं म्हणाल तर ते काही वर्षांत ओसरलं. एका जानेवारीत मला घाईघाईने फळीवर ठेवलं आणि वरच्या फळीवर लेझमींचं पोतं. ते पोतं कलंडलं आणि माझा डावा कान गेला. मी आतून पोकळ, त्यामुळे कानाच्या जागी बोट जाईल एवढं भोक राहिलं. पुढच्या डिसेंबरात ते कोणाच्या तरी लक्षात आलं. त्या वर्षापासून मला डावी बाजू भिंतीकडे करून बसवतात, म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची.

या वर्षीही डिसेंबर लागला आणि मी बाहेर आलो. दिवाळीतल्या आकाशकंदिलांच्या कामट्या सोडवून मुलांनी तारे केले होते. गोठ्यात हिरवळ हवी म्हणून ताटात गहू पेरले, तर पहिलीची पोरं घरी जाऊन सांगू लागली की शाळेत घट बसलेत. शाळेचे शिपाई निंगप्पा मामा अक्कलकोटजवळच्या त्यांच्या गावाहून ज्वारीचा कडबा घेऊन आले. बेथलेहेमात काय पसरलं होतं देव जाणे, आमच्या गोठ्यात मात्र कडबाच असतो. गव्हाण रिकामी होती. बाळ तिथे चोवीस तारखेच्या रात्री ठेवतात.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर एक माणूस व्हरांड्यात आला. त्याच्या शर्टावर टॉवेलच्या कारखान्यातला कापूस चिकटलेला होता. त्याचं नाव शरणबसव. त्याच्या हाताला धरून पहिलीतली सिद्धेश्वरी उभी होती, दोन वेण्या आणि उसवलेल्या खिशाचा स्वेटर. पहिलीच्या वैजयंती मिस त्याला हळू आवाजात सांगत होत्या की जूनपासून पोरगी वर्गात एक अक्षर बोललेली नाही. हजेरीला नुसता हात वर करते. लिहिते नीट, पण तोंड उघडत नाही.

शरणबसव मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "घरात लई बोलती, मिस. पण सगळं कन्नड. हितं आली की गप. आता नाताळच्या सुट्टीपतूर बघतो. बोलली तर बरं, न्हाय तर गावी आजीकडं ठिवतो. तितं कन्नड शाळा हाय." मिसनी विचारलं, आणि तिची आई? तो म्हणाला, ती आणि मी दोघंबी कारखान्यात, आम्हाला हितंच ऱ्हावं लागंल.

सिद्धेश्वरीने बापाचा हात घट्ट धरला. तिला काय हवं होतं, हे तिला कोणी विचारलंच नाही. मला मात्र ते कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती एकटीच माझ्यापाशी आली. तिने माझं वशिंड पाहिलं, घुंगुरमाळ पाहिली आणि तिला माझी ओळख पटली. तुम्हाला ठाऊक असेलच, नंदीच्या कानात मागणं सांगताना त्याचा दुसरा कान हाताने झाकतात, म्हणजे बोलणं इकडून जाऊन तिकडून निसटत नाही. तिने माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीतून हात मागे घातला आणि एकदम थबकली. जिथे कान असायचा तिथे तिच्या बोटांना भोक लागलं होतं. मग तिने त्या भोकावर आख्खा तळवा दाबून धरला आणि माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं.

जी पोरगी सहा महिने बोलली नव्हती, ती माझ्या कानात घडाघडा बोलली. आणि मित्रांनो, माझी फजिती अशी की मला त्यातलं काहीच समजलं नाही. माझं आयुष्य मराठीत आणि सिस्टरांच्या इंग्रजीत गेलेलं. दोनच शब्द कानात राहिले, कारण ते ती परत परत म्हणत होती. एक बसवण्णा आणि दुसरा किवी.

मी डोकं लढवलं. बसवण्णा म्हणजे तिचा बाप शरणबसव असणार. आणि किवी म्हणजे कीव, दुसरं काय? पोरगी म्हणत असणार, माझ्या बापाला माझी कीव येऊ दे, मला गावाला ठेवू नको. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश झालो आणि तिच्यासाठी मला फार वाईटही वाटलं.

एकाने केलं की सगळे करतात. दोन दिवसांत माझ्यापुढे रांग लागली. चौथीतल्या अजिंक्यला गिअरची सायकल हवी होती. अपेक्षाला गणिताच्या मिसना ताप यायला हवा होता, पण फक्त शुक्रवारी. नदीमला नाटकात मेंढी केलं होतं, त्याने मला दक्खिनीत बजावलं, "मेरेकू मेंढी नक्को, राजा बनाव." मोठ्या सिस्टरनी ही रांग पाहिली आणि विचारलं, येशूबाळाला सांगायचं सोडून बैलाला काय सांगता? अपेक्षाने रिकाम्या गव्हाणीकडे बोट केलं आणि म्हणाली, बाळ अजून यायचंय, सिस्टर.  सिस्टर हसत ऑफिसात गेल्या.

सिद्धेश्वरी रोज यायची, पण रांग संपल्यावर. एक दिवस वैजयंती मिसनी तिचे ओठ हलताना लांबून पाहिले. त्या जवळ आल्या तशी ती गप्प होऊन पळाली. मिसनी मग कन्नड जाणणाऱ्या निंगप्पा मामांना गाठलं. दुसऱ्या दिवशी मामा गोठ्यामागे दिव्यांची माळ नीट करायच्या निमित्ताने बसून राहिले. सिद्धेश्वरी आली, बोलली, गेली. मिस धावत आल्या आणि विचारू लागल्या, काय मागते ती?

"इल्ल," निंगप्पा मामा म्हणाले. "न्हाय हो मिस, काईच मागत न्हाय. बसवण्णा म्हंती ह्या बैलाला. त्यो आमच्यात नंदी. आन् इचारती, निन्न किवी यारु मुरिदरु? म्हंजे तुजा कान कुणी मोडला? किवी म्हंजे कान की. मग इचारती, दुखतंय का?"

मित्रांनो, प्लॅस्टरला लाज वाटत असेल तर ती मला त्या दिवशी वाटली. एवढी पोरं माझ्या कानाशी आली, पण मला कान एकच का, हे कोणी विचारलं नव्हतं. जिला स्वतःचं घर सुटण्याची भीती होती, ती रोज माझी विचारपूस करत होती आणि मी तिचं दुःख ओळखल्याच्या तोऱ्यात बसलो होतो. वैजयंती मिसनी वाकून भिंतीकडची माझी बाजू पाहिली. मग म्हणाल्या, पोरगी इतके दिवस एक प्रश्न विचारतेय आणि तिला कोणी उत्तरच दिलेलं नाही.

कान कसा मोडला ते निंगप्पा मामांना ठाऊक होतं. त्या दुपारी मिस त्यांच्याकडून एक कन्नड वाक्य घोकून आल्या आणि माझ्यापाशी फरशीवर मांडी घालून बसल्या. सिद्धेश्वरी आली तेव्हा त्यांनी अडखळत तिला सांगितलं, "लेझीम बिद्दु... कीव मुरितु." लेझीम पडून कान मोडला, असं त्यांना म्हणायचं होतं.

सिद्धेश्वरी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, तोंडावर हात घेतला तरी आवरेना. "कीव न्हाय, मिस," ती म्हणाली. "किवी. कान."

मिसनी तिच्याकडून तो शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि स्वतःही तीनदा म्हटला. माझ्याइतकीच चूक त्यांचीही झाली होती, हे पाहून मला जरा धीर आला. पण वर्गात गेल्यावर पोरीच्या तोंडाला पुन्हा कुलूप. हजेरीला नुसता हात. सुट्टीला दोनच दिवस उरले होते आणि बैलापाशी चार शब्द बोलली म्हणून बाप ऐकणार होता थोडाच.

तेवीस तारखेला नाताळचा कार्यक्रम होता. त्या सकाळी सिद्धेश्वरी दुधाच्या रिकाम्या पिशवीत काहीतरी जपून घेऊन आली. तिच्या गावाकडे आषाढाच्या तोंडाला मातीचे बैल करून पुजतात, त्यामुळे तिचा हात त्यात बसलेला. पिशवीतून तिने मातीचा कान काढला. निंगप्पा मामांनी मला भिंतीपासून पुढे ओढलं आणि तिने तो कान माझ्या भोकावर चिखलाने बसवला. उजव्या कानापेक्षा तो मोठा होता आणि थोडा खाली झुकलेला. ओली माती गार लागत होती.

दुपारी सभागृह पालकांनी भरलं. शरणबसव कामावरून तसाच आला होता, मागे दाराशी उभा. नाटक सुरू झालं. मरिया आणि योसेफ गोठ्याशी येतात, तेव्हा बैल स्टेजवर हवा, म्हणून अजिंक्य आणि चौथीची तीन पोरं मला उचलून निघाली. मी जड. अजिंक्यचा हात शिंगावरून निसटला आणि त्याने जे हाताला लागलं ते धरलं. लागला होता माझा नवा कान.

"हळू धरा की!" पहिलीच्या रांगेतून आवाज आला. "कान वला हाय त्याचा!"

पेटीचे सूर थांबले. चौथीची पोरं मला तसंच अधांतरी धरून उभी राहिली. सिद्धेश्वरी सगळ्या सभागृहासमोर रांगेतून उठली, स्टेजपाशी आली आणि अजिंक्यचा हात धरून तिने तो स्वतः माझ्या शिंगावर ठेवला. "शिंगाला धर. कानाला न्हाय." अजिंक्यने मुकाट्याने धरलं. मग ती जागेवर जाऊन बसली आणि नाटक पुढे सुरू झालं.

मला स्टेजवरून मागचं दार दिसत होतं. शरणबसव शेजारच्या अनोळखी माणसाला काहीतरी सांगत होता. शब्द ऐकू आले नाहीत, पण तो बोट पुन्हा पुन्हा तिच्याकडे दाखवत होता आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. कार्यक्रम संपल्यावर तो मिसपाशी आला. मिस काही बोलायच्या आधीच म्हणाला, "दोन तारखेला शाळा उघडती नव्हं? आणून सोडतो." सिद्धेश्वरीने त्याचा हात सोडला आणि मैदानात अपेक्षाच्या मागे पळत सुटली.

आता शाळेला सुट्टी आहे. व्हरांड्यात शुकशुकाट आहे. गव्हाणीत बाळ आलंय, ताटातला गहू वीतभर वाढलाय आणि माझा कान वाळून घट्ट बसलाय. अजिंक्यला सायकल मिळाली का ते ठाऊक नाही. नदीम शेवटपर्यंत मेंढीच राहिला, त्याबद्दल मी त्याची माफी मागतो.

मित्रांनो, नाताळचे दिवस सरले की मला परत त्या खोलीत नेतील. माझा एक कान कच्च्या मातीचा आहे, तेव्हा मला शिंगांना धरून न्या, कापडात गुंडाळा आणि वरच्या फळीवर लेझमींचं पोतं ठेवू नका. आणि तुमच्या वर्गात कोणी गप्प बसत असेल, तर त्याच्या शेजारी जरा मांडी घालून बसा. त्याचाही एखादा प्रश्न उत्तरावाचून राहिलेला असेल.

तिचे प्रश्न दोन होते. कान कुणी मोडला, याचं उत्तर मिसनी दिलं. दुखतंय का, याचं उत्तर राहून गेलंय. निंगप्पा मामांच्या तोंडून ऐकून ‘नाही’साठीचा कन्नड शब्द मला आता येतो, पण मला बोलता येत नाही. दोन तारखेला ती आली की तुमच्यापैकी कोणीतरी तिला माझ्या वतीने एवढंच सांगा. इल्ल.