छातीएवढ्या पाण्यात

पंपाच्या जाळीच्या डब्यात केस होते — काळे, मेंदीनं लाल झालेले, आणि त्यांच्यात गुंतलेले चार-दोन लांब पांढरे. ते आपलेच, हे चारुलतानं लगेच ओळखलं. पांढरे केस घेऊन या सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये उतरणारी दुसरी बाई नव्हती. जुना पंप सोडवून बाजूला ठेवताना सादिकनं तो डबा तिच्यापुढे धरला होता. "बघा मॅडम, हा सगळा कचरा. साफ कोन करतच नाय. मग मोटार तापनार नाय तर काय?" तिनं मान डोलावली, पण तिची नजर त्या केसांवरून हलत नव्हती. म्हणजे आपण खरोखरच इथं येत होतो, रोज सकाळी, ह्यांचा हात धरून... पूल बंद पडल्यापासून तेही खोटं वाटायला लागलं होतं.

पंपाच्या खोलीत कोंदट उकाडा होता आणि नव्या पाइपांच्या सांध्यांना लावलेल्या सोल्युशनचा डोकं उठवणारा वास. सांधे सुकेपर्यंत नुसतं बसून राहायचं. सादिकचं पनवेलला पंपांचं दुकान. फिटिंगला माणूस पाठवतो म्हणाला होता, पण शेवटी स्वतःच आला आणि आल्यापासून तोंड मिटलं नव्हतं. बोलू दे. ऐकणाऱ्याला विचार करायला सवड मिळते.

पंप जळला मार्चमध्ये. पाणी आधी गढूळ झालं, मग हिरवं, मग त्यावर डास. आणि कमिटीला जणू हवंच होतं ते. "काकू, बुजवूनच टाकू ना. वर मस्त लॉन करू. एवढं टेन्शन घेऊन यूज किती जण करतात?" सेक्रेटरी अभिराम म्हणाला. तो वाईट मुलगा नाही, त्याला फक्त कशाचंच काही वाटत नाही. त्यावर चारुलता भर मीटिंगमध्ये उभी राहिली. दुरुस्तीसाठी जेवढे पैसे बाजूला काढलेत तेवढ्यातच नवा पंप बसवून दाखवते, म्हणाली. आपला आवाज एवढा चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. कुणी कारण विचारलं नाही. ती दोघं खारघरला राहायला आल्यापासून शेजाऱ्यांना तिच्या नवऱ्याची, कमळाकरांची व्हीलचेअर माहीत होती, आणि पाण्यात ते चालतात हेही.

कमळाकरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं त्याला आता दोन वर्षं होतील. जमिनीवर पाय नुसता ओढायचा. फिजिओथेरपिस्टनं सुचवलं, पाणी शरीराचं वजन घेतं, पाण्यात चालवा. मुलांच्या आणि बायकांच्या बॅचच्या आधीचा अर्धा तास तिनं भांडून मिळवला. साध्या कपड्यांत उतरायला बंदी, म्हणून या वयात अंगभर पोहण्याचा पोशाख घेतला. आरशासमोर एकटीच हसली होती. आणि मग ते पाणी! ज्या देहाला उचलून तिची कंबर मोडली होती तो देह एकदम हलका झाला. ती उलटी चालायची, ते समोरून यायचे, एकेक पाऊल, आणि त्यांच्या धड असलेल्या उजव्या हातानं तिचं मनगट असं काही धरलेलं असायचं, की...

सगळ्या संसारात त्यांनी तिला असं धरलं नव्हतं. माणूस सज्जन. पगार घरात आणून द्यायचा, आवाज चढवायचा नाही, रस्ता ओलांडताना मात्र चार पावलं पुढे. लग्नानंतर माथेरानला गेले होते तेव्हासुद्धा पुढेच. तिला वाटायचं, असतात काही माणसं अशी. आणि हे वाटून घेण्यातच केस पांढरे झाले. आता म्हातारपणी, निळ्या फरश्यांच्या त्या टाकीत, मनगटावर पाच बोटांचे वळ उठायचे, आणि ती ते दिवसभर मिरवायची. हो, मिरवायचीच. भाजी चिरताना बाही मागे सारून बघायची.

पंप निवडताना तिच्या अंगात जुनं ऑफिस संचारलं. बेलापूरच्या सरकारी कचेरीत तिनं आयुष्यभर कोटेशनं उघडली होती. सगळ्यांत स्वस्त ते घ्यायचं आणि पुढं वर्षभर रडायचं, हा तिथला शिरस्ता तिला पाठ होता. जळलेली मोटार पुन्हा रिवाइंड करून घ्यावी, असं कमिटीतल्या एकाचं मत. दोनदा करून झाली होती, तिसऱ्यांदा कशाला? सादिक पहिल्या भेटीत मोठाच पंप गळ्यात मारायला बघत होता — "पावर पायजे मॅडम, पूल केवढा हाय!" तिनं फिल्टरवरची पाटी पुसून वाचली. जेवढं पाणी तो फिल्टर सोसू शकत होता त्याहून कितीतरी जास्त पाणी जुना पंप त्याच्यात रेटत आला होता. लहान पंप पुरेल, फक्त जास्त तास चालवावा लागेल. पाणी सावकाश फिरेल आणि उलट नीट गाळलं जाईल. पैशात बसला, वर नवे व्हॉल्व्हही बसले. सादिक कुरकुरला आणि मग तोच पंप स्वतः सुचवल्यासारखं बोलू लागला. हसावं की चिडावं!

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट तिला दिसत होती आणि ती बघत नव्हती. कमळाकर बरे दिसत होते. सकाळी उठवताना कण्हत नव्हते, न मागता दुसरी पोळी घेत होते. परवा तर क्रिकेटवरून शेजारच्या नौमानशी वाद घालून खो खो हसले. ती स्वतःशी म्हणाली, गोळ्या बदलल्यात ना. मग म्हणाली, हापूस सुरू झालाय. मग म्हणाली, पंप येणार म्हणून खूश आहेत. रोज रात्री जेवताना ती त्यांना पंपाची हकिगत ऐकवायची आणि ते ताटाकडे बघत ऐकायचे.

"चला मॅडम, सुकला," सादिक म्हणाला.

तिनं वर जाऊन कमळाकरांना खाली आणलं. हा क्षण त्यांनी बघायलाच हवा होता. सादिकनं जाळीच्या डब्यात बादलीनं पाणी ओतलं, कोरडा पंप फिरला तर पुन्हा जळेल म्हणून; पारदर्शक झाकण आवळलं आणि बटण दाबलं. आधी घरघर, झाकणाखाली नुसते बुडबुडे. तिनं श्वास धरला... आणि डबा एकदम काठोकाठ भरला, हवा निघून गेली, आवाज मऊ झाला. पुलाच्या भिंतीतल्या तोंडातून पाण्याची धार सुटली. अभिराम मोबाइलवर ते चित्रण घेत होता. "काकू, ग्रेट! तुम्ही कमाल केली," म्हणाला आणि ग्रुपवर टाकत टाकत निघून गेला. सादिक अवजारं आवरायला खोलीत शिरला.

ती व्हीलचेअरच्या मागे उभी राहिली. "झालं बघा. पाणी साफ झालं की परत उतरायचं."

कमळाकर हिरव्या पाण्याकडे बघत होते. त्यांचे शब्द अजून जड पडायचे, पण स्पष्ट असायचे.

"चारू... मला तिथं भीती वाटते."

"अहो, सवय मोडलीय म्हणून. दोन दिवसांत जाईल."

"नाही गं. पहिल्यापासून. रोज. पाय तळाला लागलाय की नाही, कळायचंच नाही. तुला सोडलं तर गेलो, असं वाटायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू किती खूश असायचीस."

पंप चालू होता. छान चालला होता, एकसुरी, शहाण्या माणसासारखा. तिनं व्हीलचेअरची मूठ घट्ट धरली. म्हणजे ते धरणं... बुडणारा माणूस तर बांबूही तसाच धरतो. त्याला बांबूशी काही बोलायचं नसतं. मग आपण कशाला मिरवत होतो? कुणाला दाखवत होतो ते वळ?

पण माझ्यासाठी आले की ते. रोज एवढी भीती पोटात दडवून, मी खूश असते म्हणून. याला काय म्हणायचं? कुणी म्हणेल, हेच प्रेम. असेल. माणूस चार पावलं पुढे चालत चालत असलंही काहीतरी करत असेल. मला ते कळतं, पण तेवढ्यानं भागत नाही. मी त्यावर नव्हते जगत. मी त्या हातावर जगत होते.

तो हात व्हीलचेअरच्या दांडीवर उघडा पडला होता. धरायला काय, मी रोजच धरते — नखं कापायला, उठवायला, कॉलर नीट करताना बाजूला सारायला. पण ते माझं धरणं. 'बरं, नको उतरायला,' एवढंच म्हणायचं होतं. कुणीही बाई म्हणाली असती. ते मान वळवून माझी वाट बघत होते आणि मी पाण्याकडे बघत होते. कारण सगळं कळल्यावरही, अगदी आत्ताही, मला त्यांना त्या पाण्यात न्यायचं होतं — भीतीनं का होईना, त्यांनी मला धरावं म्हणून.