कुंपणाची हाक

बेसबॉलच्या मैदानात, मधल्या सेंटर फील्डच्या गवतात, मागच्या कुंपणापासून तीस पावलांवर, ताटलीएवढा एक पिवळा ठिपका होता. एकाच जागी रोज तीन तास उभं राहून बुटांच्या खिळ्यांनी तेच गवत उकरलं, की असा ठिपका पडतो. हा देवांगने पाडला होता, एप्रिल आणि मे असे पुरे दोन महिने घेऊन. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या डावीकडे चार पावलांवर दुसरा ठिपका उमटू लागला, आणि पहिल्यात बारीक हिरवे कोंब दिसू लागले. देवांग आता बाजूच्या राइट फील्डमध्ये उभा राहायचा. कोंब फुटलेत हे त्याला ठाऊक होतं, कारण रोज सरावाआधी तो तिथपर्यंत चालत जाऊन पाहून यायचा.

दुसरा ठिपका कोल्बीचा होता.

२००६ सालचा हा हंगाम देवांगचा तिसरा. व्यावसायिक बेसबॉलच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लहान गावच्या संघात, तो तेवीस वर्षांचा असूनही जुना खेळाडू गणला जात होता. चेंडू झेलण्यात त्याचा हात धरणारं संघात कुणी नव्हतं. खांद्यात तर अशी ताकद, की कुंपणाजवळून फेकलेला चेंडू सरळ यष्टिरक्षकासारख्या बसलेल्या कॅचरच्या हातात जायचा. बॅट मात्र त्याचं ऐकत नव्हती. दहातल्या आठ वेळा तो मान खाली घालून परतायचा. जूनमध्ये ओक्लाहोमाहून कोल्बी आला, वीस वर्षांचा, पिंगट केसांचा, आणि पहिल्याच आठवड्यात त्याने तीन चेंडू कुंपणाबाहेर मारले. दुसऱ्या आठवड्यात सेंटर त्याचं झालं.

त्याआधीच, मे महिन्यात, मॅनेजर मर्सरने देवांगला ऑफिसात बोलावलं होतं. "तुझा खांदा पिचरचा आहे," तो म्हणाला होता. "बॅट ठेव बाजूला. आम्ही तुला चेंडू टाकायला शिकवतो."

"विचार करतो," देवांग म्हणाला.

त्यानंतर मर्सरने चार वेळा विचारलं आणि चारही वेळा देवांगने हेच उत्तर दिलं. शेवटी मर्सरने मुदत घातली: जुलैअखेर. त्यानंतर क्लब विचारणार नाही, त्याला संघातून मोकळं करेल. उत्तर काय असायला हवं हे देवांगला दिसत होतं. पण आठव्या वर्षापासून त्याने उंच चेंडूखाली धावण्याखेरीज कशाचं स्वप्न पाहिलं नव्हतं. आणि आता हो म्हणणं म्हणजे सेंटर आपल्या हाताने कोल्बीला देऊन टाकणं.

मैदानावरचं एक वेळ सोसलं असतं. घरीही तेच होतं.

लहान संघातल्या मुलांना क्लब गावातल्या कुटुंबांकडे राहायला ठेवतो. मागच्या वर्षी यादीत देवांगचं मराठी आडनाव वाचून शेजारच्या कॅरी गावातल्या नंदाकाकूंनी आपण होऊन फोन केला होता, "हा मुलगा आमच्याकडे." न्यू जर्सीतल्या त्याच्या आईलाही फोन करून त्यांनी तिची काळजी मिटवली होती. यंदा क्लबने विचारलं, अजून एक खोली आहे का? होती. त्या खोलीत कोल्बी आला.

रविवारी दुपारी दोनचा सामना होता. त्याआधी अकरा वाजता काकूंनी थालीपिठं लावली. पहिलं कोल्बीच्या ताटात पडलं, वर लोण्याचा गोळा. दुसरं देवांगचं, ते उलटताना काठाला तुटलं. तिसरं पुन्हा कोल्बीला.

"काकू, धिस इज द बेस्ट," कोल्बी म्हणाला. काकू हा शब्द तो इतका नीट उच्चारायचा की देवांगला त्याचाही राग यायचा.

"बघ, कसा हातानं खातो," काकूंचे यजमान अमितकाका कौतुकानं म्हणाले. "आणि आमचा साहेब काटा मागतो." काका मूळचे नागपूरचे, रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये सॉफ्टवेअरवाले, बेसबॉल त्यांना क्रिकेटमधूनच समजायचा. "काय रे देवांग, काल तू बॅटिंग करत होतास की माश्या हाकलत होतास? मी धंतोलीत टेनिस बॉलवर याहून जास्त रन काढलेत."

"काका, प्लीज," देवांग म्हणाला. मग न राहवून, "काकू, माझं दुसरं?"

"थांब रे जरा. त्याचं पोट भरू दे आधी."

देवांग थांबला. कोल्बीच्या ताटात एकूण चार गेली, आपल्या ताटात तीन. आपण मोजतोय याची त्याला लाज वाटली, पण मोजणं थांबलं नाही.

सामन्याच्या आठव्या डावात समोरच्यांचा एक खेळाडू पहिल्या बेसवर होता. पुढच्याने चेंडू सेंटर आणि राइटच्या मधोमध, खोल मारला. कोल्बी वळला आणि चेंडूवर डोळे ठेवून मागे धावत सुटला.

अशा वेळी धावणाऱ्याला कुंपण दिसत नाही. ते बघायचं काम शेजारच्याचं. जागा असेल तर शेजारी ओरडतो, "रूम, रूम!" जागा संपली की, "वॉल!" लहान मुलांच्या संघातही हे पहिल्या दिवशी शिकवतात. देवांग शेजारून धावत होता. कोल्बी कुंपणापासून पाच पावलांवर असताना देवांगला ते दिसलं. चार. तोंड उघडलेलं होतं, छातीत हवा होती. अर्धा सेकंद पुरला असता. तो अर्धा सेकंद देवांगने जाऊ दिला.

आवाज फळीवर दार आपटल्यासारखा झाला. कोल्बी खाली कोसळला, चेंडू सुटून गवतावर घरंगळला. देवांगने तो उचलला आणि फेकला. चेंडू एकही टप्पा न घेता कॅचरच्या हातात गेला आणि पहिल्या बेसवरून धाव पुरी करायला आलेला खेळाडू बाद झाला. प्रेक्षक उभे राहिले. कोल्बी मनगट पोटाशी धरून गुडघ्यांवर बसला होता, आणि टाळ्या देवांगसाठी होत्या.

मनगटाचं हाड मोडलं होतं.

सोमवारी सुट्टी होती. उजव्या हाताला प्लास्टर, म्हणून काकूंनी कोल्बीच्या ताटातल्या पोळीचे बारीक तुकडे करून दिले. जेवून तो घरामागच्या लाकडी डेकवर जाऊन बसला. काकूंनी मग देवांगचं ताट वाढलं.

"कोल्बी सांगत होता, तू ओरडलास म्हणून," त्या म्हणाल्या. "लोकांच्या गोंगाटात त्यालाच ऐकू आलं नाही. तू नको मनाला लावून घेऊस."

काहीतरी बोलायला हवं म्हणून देवांगने भलतंच विचारलं. "काकू, तुम्ही मला नेहमी त्याच्यानंतर का वाढता?"

"म्हणजे?" काकूंना प्रश्नच कळला नाही. "पाहुण्याला आधी वाढतात. तू काय पाहुणा आहेस? तुझ्या आईकडे कोणी आलं तर ती तुला आधी वाढते का?"

वाढत नसे. सगळ्यांचं झालं की त्याचं ताट, त्यानंतर तिचं स्वतःचं. अठरा वर्षं त्याने ते पाहिलं होतं आणि महिनाभर थालीपिठं मोजत बसला होता. पण त्यामुळे हायसं वाटलं नाही. त्याने ताट बाजूला सारलं.

तो डेकवर गेला. कोल्बी डाव्या हाताने चेंडू वर उडवून झेलत होता.

"मी ओरडलो नव्हतो," देवांग इंग्रजीत म्हणाला.

"माहितीये." कोल्बीने चेंडू झेलला. "तू ओरडलास की पार्किंगमध्ये ऐकू येतं."

"मग काकूंना खोटं का सांगितलंस?"

"त्या तुझ्या आहेत म्हणून. इथून जाताना मी थँक यू म्हणून जाणार. तुला तर त्यांच्यासमोर आयुष्यभर यायचंय." तो थोडा थांबला. "मी मागे बघितलंच नाही, मॅन. शेजारी तू होतास ना, म्हणून."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. देवांगच्या मनात होता तो हेवाच, अजूनही. आता कोल्बीच्या बॅटचा नव्हे, तर त्याला इतक्या सहज असं वागता येतं याचा.

मंगळवारी दुपारी कपडे बदलायच्या खोलीत संघाची यादी भिंतीवर लागली होती. सेंटर फील्डपुढे देवांगचं नाव होतं. ते वाचताना त्याच्या अंगावर आनंदाचा काटा आला. आनंद कोल्बीच्या मोडलेल्या मनगटाचा होता, आणि खोटा नव्हता. म्हणून तो यादीपुढे बराच वेळ उभा राहिला, आणि मग मर्सरच्या दारावर टकटक केली.

"खूश?" मर्सरने कागदातून मान वर न काढता विचारलं. "सहा आठवडे, म्हणजे हंगाम संपेपर्यंत सेंटर तुझं. रविवारची फेक वरच्या लोकांनीही पाहिलीये. थोडी बॅट चालव, पिचिंगचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"रविवारी मी हाक दिली नाही," देवांग म्हणाला. "कुंपण दिसत होतं मला."

मर्सरने आता वर पाहिलं. बाहेर कुणीतरी बॅटवर चिकटपट्टी गुंडाळत होतं, तिचा चरचर आवाज येत होता.

"कोल्बीला सांगितलंस?"

"हो."

"आणि आता मी काय करावं म्हणतोस? की त्याचाही विचार करणार आहेस, मेपासून करतोयस तसा?"

"नाही," देवांग म्हणाला. "सेंटरमधून माझं नाव काढा. मी पिचर होतो."