सांत्वनाचं कार्ड

वॉल्टर प्रिंगलने गुरुवारी सकाळी सांत्वनाचं कार्ड हेदरिंग्टनांच्या दारातल्या पत्रांच्या फटीतून आत सरकवलं आणि तडक भाजीच्या वाफ्यांची वाट धरली. बेल वाजवायचा प्रश्नच नव्हता. ज्या घरात माणूस गेलाय त्या घराची बेल आपण होऊन वाजवणं म्हणजे उत्तर इंग्लंडातल्या डरहॅमकडच्या त्या गावात शुद्ध आगाऊपणा. कार्ड टाकायचं, पाय न वाजवता मागे फिरायचं आणि अंत्यविधीनंतर बोलावणं आलं तर हॅम सँडविच खायला जायचं, अशी रीत होती. कोळशाची खाण बंद पडून चाळीस वर्षं होत आली, रीत काही बंद पडली नाही.

आणि हेदरिंग्टनांच्या घरात माणूस गेला होता यात शंका नव्हती. सोमवारपासून पुढच्या खोलीचे पडदे भरदिवसा बंद होते. हिरवा कचऱ्याचा डबा रिकामा होऊन तीन दिवस फुटपाथवर तसाच उभा होता. सिड हेदरिंग्टनने जन्मात कधी डबा दुपारपर्यंत बाहेर ठेवला नव्हता.

वाफ्यांच्या कोपऱ्यात एक लाकडी खोपी होती. तिच्यात तीन खुर्च्या, एक स्टोव्ह आणि बाहेर एक झेंड्याची काठी. झेंडा अर्ध्यावर उतरवलेला होता. तो डग रॅम्शॉने उतरवला होता. डग म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर आणि गावाचं बिनपगारी बातमीपत्र.

"तपकिरी डबा आता पंधरा दिवसांतून एकदाच," डग पेपर उघडत म्हणाला. "निळा सोमवारी. सोमवारी सुट्टी आली तर मंगळवारी. आणि मंगळवारी कचरेवाले येणारच नाहीत."

"कोण म्हणतं?" वॉल्टरने चहा ओतला.

"नगरपालिकेचं पत्रक आलंय. ते पत्रक कुठल्या डब्यात टाकायचं, तेवढं मात्र लिहिलेलं नाही."

"पहिल्या पानावर काय?"

"राजहंस. बायपासवर बसला आणि चाळीस मिनिटं उठला नाही. शेवटी पोलिसांनी समजूत घातली म्हणे."

"आठवड्याची सगळ्यात मोठी बातमी हीच?"

"चौथ्या पानावर सरकार आहे. त्याची कोणी समजूत घातली नाही."

वॉल्टर हसला, आणि हसता हसता दोघांची नजर तिसऱ्या खुर्चीकडे गेली. हंसाची बातमी सिडला फार आवडली असती.

"बरा होता सिड," डग म्हणाला.

"बरा होता," वॉल्टर म्हणाला. त्या गावात याहून मोठा मृत्युलेख कोणी लिहीत नाही.

डगने पेपर पुन्हा तोंडापुढे धरला ते बरंच झालं. वॉल्टरचा चेहरा पाहण्यासारखा राहिला नव्हता. सिड गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी सहा वर्षं कुजत पडलं होतं.

सहा वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. क्लबाच्या हॉलमध्ये लीकचं प्रदर्शन. लीक म्हणजे कांद्याच्या पातीची थोराड बहीण. या गावात ती मांडीएवढी जाड वाढवतात आणि तिच्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही. नियम कडक. बारीकशी चीर दिसली तरी जोडी बाद. त्या वर्षी सिडची जोडी पहिली येणार हे आंधळ्यालाही दिसत होतं, आणि दुसरी जोडी होती वॉल्टरची. दारापासून परीक्षकांच्या टेबलापर्यंत सिडची लीकं उचलून न्यायचं काम नेमकं वॉल्टरकडे आलं. त्या वीस पावलांत त्याने अंगठ्याचं नख दाबलं. चुकून नव्हे, मुद्दाम.

परीक्षकांना चीर दिसली. सिडने वाद घातला नाही. "माझीच नजर गेली म्हणायची," एवढं बोलून त्याने टोपी घातली आणि पुन्हा कधी प्रदर्शनात उतरला नाही. पहिलं बक्षीस म्हणून मिळालेली विजेची किटली वॉल्टरने आजवर खोक्यातून बाहेर काढली नव्हती. रोज सिडच्या शेजारी बसून चहा प्यायचा, रोज सांगू म्हणायचा आणि रोज हवेबद्दल बोलायचा.

आता सांगायला सिडच उरला नाही म्हटल्यावर त्याने सगळं कार्डात लिहिलं होतं, सिडची बायको बेरिल हिच्या नावे. 'चीर नव्हती. माझं नख होतं. सिडच्या नजरेत काही दोष नव्हता, हे निदान तुला तरी माहीत असावं.' कार्ड आत पडल्याचा आवाज ऐकला तेव्हा त्याला थोडं हलकंही वाटलं होतं.

इतक्यात मॉइरा फेदरस्टन आत आली. मॉइरा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली; अजूनही सगळ्यांना जेवणाच्या रांगेत उभं केल्यासारखी बोलायची.

"झेंडा का उतरवलाय? कोण गेलं?"

"सिड," डग हळू आवाजात म्हणाला. "सोमवारी."

"कुठला सिड?"

"आपला सिड, बाई. हेदरिंग्टन."

मॉइराने पिशवी खाली ठेवली. "दहा मिनिटांपूर्वी तो मागच्या अंगणात पायजम्यातच उभा राहून कबुतरांना शिव्या घालत होता. काळा चष्मा लावून. सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्याचं. उजेड सोसत नाही म्हणून पडदे ओढलेत."

डगने पेपर खाली ठेवला. स्टोव्ह तेवढा फुसफुसत होता.

"आणि डबा?" डगने क्षीण आवाजात विचारलं.

"डबा सिड आत घेतो. त्याला वाकायला मनाई आहे. बेरिलच्या लक्षात राहत नाही. तुम्हा दोघांपैकी एकानेही जाऊन विचारलं नाही?"

"अशा वेळी विचारणं बरं दिसतं का?" डग म्हणाला. "आणि मी पाच जणांना सांगितलं, तर त्यातल्या तिघांनी परत येऊन तीच बातमी मला सांगितली. मग माणसाने विश्वास ठेवायचा की नाही?"

वॉल्टरचा जीव भांड्यात पडला. तो खुर्चीत बसला आणि त्याला रडू आलं, अगदी उघडउघड, दोघांच्या देखत. सिड जिवंत होता. कबुतरांना शिव्या देण्याइतका जिवंत. मॉइराने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि डगने सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

मग वॉल्टरला कार्ड आठवलं.

गुडघे दुखतात म्हणून बसच्या थांब्यापर्यंतही न चालणारा माणूस चर्चच्या रस्त्याने अक्षरशः पळाला. हेदरिंग्टनांचं दार बंद, पडदे बंद. त्याने फटीचं झाकण उचललं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि पायपुसण्यावर कार्ड चाचपू लागला. हाताला कार्ड लागलं नाही. दार मात्र उघडलं, आणि त्याच्यासकट वॉल्टरही आत ओढला गेला.

"वॉल्टर," बेरिल म्हणाली, "दाराला बेल आहे."

पुढच्या खोलीत अंधुक उजेडात सिड खुर्चीवर बसला होता. कपाळावर सरकवलेला काळा चष्मा, मांडीवर कार्ड.

"ये. बस," सिड म्हणाला. "माझ्या पश्चात कसं चाललंय तुझं?"

"सिड, ते कार्ड..."

"लिली छापल्यात वर. मला लिली आवडत नाहीत, आत्ताच सांगून ठेवतो."

"वाचलंस तू?"

"नव्या डोळ्याने वाचलेली पहिली गोष्ट. बेरिल म्हणत होती, सावकाश वाच. डोळ्यात पाणी आणायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय." त्याने कार्ड पुन्हा उघडलं. "सहा वर्षं, वॉल्टर. आदल्या दिवशी मी ती दोन्ही लीकं तासभर फिरवून फिरवून बघितली होती. चीर नव्हती. मग चीर निघाली. त्या दिवसापासून मी या डोळ्यांवर भरवसाच ठेवला नाही. गाडी चालवायची सोडली. नातीला समुद्रावर घेऊन जायचो, तेही सोडलं."

वॉल्टरला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं की फार तर एक किटली चोरली आपण.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "फार मोठं चुकलं. माफ कर असं म्हणायलाही तोंड नाही."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तेव्हा तू जिवंत होतास."

सिड त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. वॉल्टरला आधी वाटलं, रडतोय. पण तो हसत होता, खुर्ची करकरेपर्यंत.

"हसू नकोस," आतून बेरिल म्हणाली. "डोळ्यावर ताण येईल."

"किटली आणून देतो," वॉल्टर म्हणाला. "नवीच आहे. खोक्यात आहे."

"आण," बेरिल म्हणाली. "आमची गळते."

सिडने कार्ड मिटलं आणि शेजारच्या टेबलावर ठेवलं. "घरामागे यंदा दोन लीकं लावलीत. कोणाला बोललो नव्हतो. ऑपरेशन होणार हे कळलं तेव्हाच लावली. शनिवारी प्रदर्शनाला क्लबात न्यायची आहेत, पण मला महिनाभर जड उचलायचं नाही. दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचा धीर होत नाही."

"माझ्या हातात देशील?"

"तुझं नख कुठवर पोहोचतं ते निदान मला माहीत आहे."

बेरिल चहा घेऊन आली. वॉल्टरच्या बशीत दोन बिस्किटं होती आणि त्यांच्या शेजारी नेलकटर. तिने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पडदा तेवढा बोटभर सरकवला.

उजेडाच्या त्या पट्ट्यात हात धरून वॉल्टर दहाच्या दहा नखं कापायला बसला, आणि सिड खुर्ची पुढे ओढून नव्या डोळ्याने एकेक बोट तपासत राहिला.

"अंगठा," सिड म्हणाला, "अजून थोडा."