आधी मीटर, मग तारा

“हात लावायचा नाही, तोंड उघडायचं नाही. सलोनीने एकटीने चालवून दाखवलं, तर खुशाल कुडाळला जा,” हेरंबसाहेबांनी दारातच बजावलं, आणि हितेंद्र मुकाट्याने मीटिंगरूममधल्या शेवटच्या खुर्चीत जाऊन बसला.

लोअर परळच्या या ऑफिसात वीज कंपन्यांसाठी शहराचं वीजजाळं संगणकावर उभं केलं जायचं. उन्हाळ्यात घरोघरी एकदम एसी लागले आणि स्मार्ट मीटरांनी त्यातल्या काहींना जरा दम धरायला लावलं, तर केबल टिकेल की जळेल, हे खऱ्या लालबागला अंधारात न घालता बघायचं. त्यासाठी प्रोग्राम दोन. एक तारांमधल्या विजेचं गणित करणारा, दुसरा मीटरांचे निरोप इकडून तिकडे नेणारा. दोघेही परदेशी, आणि एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळत नसे. हितेंद्रने त्या दोघांना जोडणारा तिसरा प्रोग्राम लिहिला. एकाने पाऊल टाकायचं, उत्तर दुसऱ्याला द्यायचं, मग दुसऱ्याने. सगळ्यांनी पाठ थोपटली आणि त्याच दिवशी गडी अडकला. बढतीची वेळ आली की साहेब म्हणत, तू हललास तर हे चालवणार कोण?

बायको अनुजा नर्स. दोन वर्षांपूर्वी कुडाळच्या सरकारी रुग्णालयात तिची नेमणूक झाली आणि लेकीला, मनूला, घेऊन ती तिकडे गेली. लालबागच्या खोलीत हा एकटा राहिला. मग कंपनीनेच कुडाळला छोटं ऑफिस काढलं, तेव्हा त्याने बदली मागितली आणि सलोनीला शिकवायला घेतलं. पोरगी हुशार होती, पण कंत्राटावर. आज फसली तर तिचीही धडगत नव्हती.

वीज कंपनीचे पाहुणे बसले. सलोनीने तारांचा प्रोग्राम सुरू केला, मग मीटरांचा. पडद्यावर परळचा नकाशा उमटला आणि तिथेच थिजला. चूक दाखवणारी एक ओळ नाही, काही नाही.

हितेंद्रने लगेच ओळखलं. मीटरांचा प्रोग्राम आधी जागा करावा लागतो. नाहीतर दोघेही एकमेकांच्या निरोपाची वाट पाहत बसतात. आणि हे त्याने सलोनीला कधी सांगितलंच नव्हतं! सरावाच्या दिवशी पोरीचा खोळंबा नको म्हणून तो लवकर येऊन मीटरांचा प्रोग्राम स्वतःच सुरू करून ठेवायचा. इतक्या वर्षांची हाताची सवय, ती शिकवायची असते हे डोक्यात आलंच नाही.

सलोनीने पुन्हा बटण दाबलं. एक पाहुणा घड्याळ बघू लागला. तिने वळून हितेंद्रकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. गप्प बसलो तर पोरीची नोकरी जाते, बोललो तर माझं कुडाळ. काय मेलं नशीब हे, असं त्याला झालं.

“सलोनी, दोन्ही बंद कर,” तो बसल्या जागेवरून म्हणाला. “आधी मीटर, मग तारा.”

नकाशा झरझर रंगू लागला. पाहुणे खूश होऊन गेले.

“एवढंच राहिलं होतं, सर. आता तिला कळलं,” हितेंद्र म्हणाला.

“आणि उद्या आणखी काही राहिलेलं निघालं तर?” साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, तोही मायेने. वर्षभर थांब, मग बघू, म्हणाले. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते. सलोनी रडवेली होऊन माफी मागत होती, तिला त्यानेच समजावलं. रागवायचं तरी कोणावर?

जिन्यात जाऊन त्याने अनुजाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती चिडली नाही. गावाकडचं माणूस मुंबईच्या चाकरमान्याला विचारतं, तसं तिने विचारलं,

“गणपतीक तरी येतलंस मां?”

“येतलंय,” तो म्हणाला.