भैय्याजीची शाल

सुलोचना मॅडमचं एक वाक्य ठरलेलं होतं, "ताप पेशंटला येतो, नर्सला नाही." नालवाडीकडल्या आमच्या नर्सिंग शाळेत ते ऐकून ऐकून माहे कान किटले होते. अन् ह्याच बाईनं दोन हजार तीन साली 'स्वतःची काळजी घ्या' म्हणून सप्ताह काढला! आता बोला.

काळजी कशी, तं नाइट ड्यूटी करून आलेल्या पोरींनी झोपायचं नाई. हॉलमधल्या खुर्च्या पुसायच्या, रांगोळी काढायची, स्वागतगीत पाठ करायचं. विश्रांतीवर भाषण ठेवलं होतं, त्याच्या तयारीत आमची विश्रांती गेली.

माही रूममेट रंभा, नाचणगावची. तिच्या तोंडात "हो मॅडम" सोडून दुसरा शब्दच नाई. दोन दिवसांपासून ताप, दुपार झाली की थंडी वाजून दातावर दात. मी म्हटलं, "सुट्टी माग."

"मॅडम हजेरी कापते वं. मंग परीक्षेले बसू देत नाई."

"मेली तं कोणत्या परीक्षेले बसशील?" मी खेकसली. ती आपली गोळी खाऊन रांगोळीत रंग भरत बसली. मले तिचा राग येत होता अन् तिच्यासाठी जीवही तुटत होता.

त्यात मॅडमनं तिलेच स्टेजवरची पेशंट केलं. तिनं पलंगावर पडायचं, मी थर्मामीटर लावायचं अन् माइकवर सांगायचं, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, निरोगी विद्यार्थिनी." मंग टाळ्या. पाहुणे आमच्या संस्थेचे अध्यक्ष भैय्याजी, कापड दुकानवाले. जेवल्यावर झोप काढल्याशिवाय हा माणूस दुकानाची पायरी चढत नाई, अन् तो आमाले विश्रांतीचं महत्त्व सांगणार. चला, त्याले तरी अनुभव होता.

कार्यक्रमात मी थर्मामीटर काढून पाह्यलं. पारा एकशे तीनवर.

मॅडम मागून फुसफुसल्या, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार म्हण."

"मॅडम, एकशे तीन आहे."

"झटक ते आणि म्हण!"

रंभा कुडकुडत माह्याकडे पाहून राह्यली होती. डोळे लालबुंद. म्हणते कशी, "म्हणून टाक नं, अंकिता."

बस्स, तिथं माहं डोकं फिरलं. माइक ओढला अन् सांगितलं, "एकशे तीन! दोन दिवसांपासून ताप आहे हिले, अन् सुट्टी मागायची सोय नाई."

भैय्याजीनं आधी मॅडमकडे पाह्यलं, मंग घड्याळाकडे.

मॅडम हसल्या. कशा हसल्या, त्यायलेच माहीत. "स्टेजवर गोंधळतात हो मुली! रंभा, ऊठ बेटा, सत्काराचं ताट आण."

मले वाटलं, उठते आता ही शेळी. कोपर टेकून अर्धी उठलीही. मंग तिनं मॅडमकडे पाह्यलं अन् पुन्हा उशीवर डोकं टाकलं.

"नाई," रंभा म्हणाली. "मी नाई उठत."

माइक माह्या हातात चालूच होता. मागच्या खुर्च्यांपर्यंत ऐकू गेलं.

रंभाचे दात वाजून राह्यले होते. पलंगावरची चादर नुसती शोभेची, पातळ. ताटात भैय्याजीसाठी आणलेली जाड शाल होती. मी ती उचलली, घडी मोडली अन् रंभाच्या अंगावर गळ्यापर्यंत टाकली. सत्कारासाठी अर्धे उठलेले भैय्याजी तसेच खाली बसले.