चकतीचं दहावं घर

माणसानं रोज हातात धरायची वस्तू दुसऱ्याच्या पसंतीनं घेऊ नये, एवढी अक्कल मला दुसरीत शाळा सोडली तेव्हाच होती. माझा मुलगा अभिमन बी.कॉम. होऊन बँकेत चिकटला, तरी त्याला ती आलेली नाही.

मी मांडे करणारी बाई. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद सोडायचा. जेवढा हात तेवढा मांडा, आणि तेवढंच खापर. म्हणून आमच्यात कोणी कोणाचं खापर मागत नाही. लग्नकार्याला मला जळगावच्या मेहरूणहून पार धरणगाव-पाचोऱ्यापर्यंत बोलावणं यायचं, तर माझं खापर माझ्या मांडीवर बसून एसटीनं यायचं. चाळीस वर्षांच्या जाळानं माझी बोटं अशी झाली आहेत की विस्तव उचलला तर आधी विस्तवाला कळतं.

आमच्या घरी फोन आला त्र्याण्णव साली. सात वर्षं नंबर लावून ठेवला होता. झुलाल नावाचा लाइनमन काळा सरकारी फोन घेऊन आला. फोन म्हशीसारखा बैठा, जागचा हलणार नाही असा. वर चकती, चकतीला दहा घरं. मला इंग्रजी आकडे येत नाहीत, पण घरं मोजता येतात. वरच्या उजव्या हाताचं पहिलं, आणि खाली शेवटचं दहावं. बोट घालायचं, लोखंडी आडणीला टेकेपर्यंत फिरवायचं, सोडायचं. बोटाला कळो न कळो, आडणीला कळतं. पाचव्या घराशी मी कुंकवाचा ठिपका लावला म्हणजे मोजणी चुकायची नाही. माझ्या लेकीचा, कुंदाचा धुळ्याचा नंबर असा पाठ झाला: दहावं, दुसरं, पाचवं, सहावं, पुन्हा दुसरं, आणि मग पुढचा त्यांच्या घरचा.

फोन मी लावायचे शनिवारी दहाला. तेव्हा कुंदाची सासू यशोदाबाई मारुतीला गेलेली असायची. त्या एका तासात माझी लेक माझी असायची. बाकीच्या दिवशी फोन झाला तर ती "सगळं बरं आहे" म्हणायची. एकदा म्हटलं तर खरंच बरं, दोनदा म्हटलं तर नाही. हे मला कळायचं, दुसऱ्या कोणाला कळायचं कारण नव्हतं.

कुंदाला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. यशोदाबाईंनी फाटा फोडला, की धुळ्याला मोठा दवाखाना शे, जळगावले काय शे? जळगावात जसं काही कोणी जन्मलंच नाही. मी कुंदाला फोनवर स्पष्ट विचारलं, "तुले यायचं आहे का तिथंच राहायचं आहे? तू म्हण, मी येते. तू म्हटल्याशिवाय मी विहिणीच्या दारात पदर पसरायला जाणार नाही."

"पुढच्या शनिवारी सांगते, माय," ती म्हणाली. "यांच्याशी बोलून घेते."

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी अभिमन बँकेतून येताना खोका घेऊन आला. आतून निघाली साबणाची वडी. पिवळट पांढरी, बोटभर जाड, आणि बटणं त्या वडीच्याच पोटात.

"काळा कुठी गेला?" मी विचारलं.

"रिखबचंदच्या दुकानात देऊन टाकला. जुन्यावर नवा दिला त्यानं. आई, घरात लोक येतात, तो काळा धोंडा काय शोभा देत होता का?"

"शोभेले मी तुह्या बापाचा फोटो लावला आहे. फोन बोलायले असतो."

माझी सून सुनंदा शाळेत शिकवते. ती म्हणाली, "आई, किती हलका आहे बघा तरी." हलकाच होता. अभिमनच्या डोक्यासारखा.

शनिवारी दहाला घरात कोणी नव्हतं. सुनंदा सकाळच्या शाळेला, अभिमन बँकेत. मी वडी हातात घेतली. बटणं मसुराएवढी, माझं एक बोट दोन बटणांवर बसायचं. दाबलं गेलं की नाही हे बोट सांगेना. खुंटीच्या खिळ्यानं दाबून पाहिलं. पहिल्या ओळीपासून तीन-तीन मोजत खाली आले, दहावं बटण दाबलं, मग दुसरं, पाचवं, सहावं, दुसरं. पलीकडून कोणी बाई गोड आवाजात इंग्रजी-हिंदी बोलून गेली. पुन्हा केलं, पुन्हा तीच बाई. खांद्यानं कानाशी धरावं म्हटलं तर वडी पदरावरून घसरून थेट पिठाच्या परातीत. अकरा वाजले. यशोदाबाई मारुतीहून आल्या असणार.

संध्याकाळी अभिमनला दाखवलं, तर हसून हसून खुर्चीवर बसला.

"आई, दहावं बटण म्हणजे चांदणी आहे. शून्य तिच्या शेजारी, अकरावं."

"दहाच्या जागी शून्य असतं, हे माह्या मास्तरनं दुसरीत शिकवलं होतं. तुह्या फोनवाल्याचा मास्तर कोण होता?"

"मी लावून देत जाईन ना. तू फक्त बोल."

दुसऱ्या दिवशी रविवारी संध्याकाळी त्यानं लावून दिला, आणि स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसला. पलीकडे यशोदाबाईंचा टीव्ही ऐकू येत होता, म्हणजे त्याही शेजारीच. कुंदा म्हणाली, "बरं आहे माय, बरं आहे."

दोनदा.

"पाहिलं?" अभिमन म्हणाला. "बरं आहे म्हणते. उगीच जीव खाते तू."

बी.कॉम.ला दोनपर्यंत मोजायला शिकवत नसावेत.

आठवडाभर मी त्या वडीला हात लावला नाही. शेजारची एखादी पोर बोलावून नंबर लावता आला असता, सुनंदाही म्हणाली होती की रजा टाकते. पण दुसऱ्याच्या बोटानं मी माझ्या लेकीशी बोलायचं? उद्या म्हणतील दुसऱ्याच्या तोंडानं जेवा. पुढच्या शनिवारी साडेनऊला मी ती वडी भिंतीतून उपसली, पिशवीत टाकली आणि रिक्षा करून रिखबचंदच्या दुकानात गेले.

रिखबचंदचं दुकान म्हणजे रेडिओ, इस्त्र्या, पंखे आणि आता फोन. गडी गोड. "या या अक्का, बसा. काय दाखवू?"

"दुसरा फोन दाखव. हा माह्या हातचा नाही."

त्यानं काचेवर पाच मांडले. मी एकेक उचलला. लालवाला कानाला लावला तर तोंड गालापाशीच संपलं. हिरव्याची पाठ काचेसारखी गुळगुळीत. एक भिंतीला टांगायचा होता, एवढ्या उंचीवर की मी टाचा वर कराव्यात आणि अभिमननं मान खाली करू नये. प्रत्येक मी खांदा आणि कान यांत दाबला, दोन्ही हात मोकळे करून हवेत मांडा फिरवला. पाचही खाली पडले. रिखबचंद धावून धावून झेलत होता.

"अक्का, फोन असा कोणी पाहतं का?"

"मग कसा पाहतात? टीव्हीसारखा?"

"आजकाल बठ्ठे लोक हेच नेतात. फॉरेनसारखा दिसतो."

"जे बठ्ठे नेतात ते घ्यायले मी काय रेशनच्या रांगेत उभी आहे?"

भिंतीवरच्या घड्याळात दहाला सात कमी होते. तेवढ्यात त्याच्या गादीजवळ फोन वाजला. रिखबचंदनं हात लांब करून उचलला, खांद्यात दाबला, आणि बोलता बोलता दोन्ही हातांनी माझ्यापुढचे पाच फोन खोक्यांत भरू लागला. त्याच्या खांद्यातला मात्र पडला नाही. काळा होता. पाचव्या घराशी कुंकवाचा ठिपका होता.

त्यानं फोन ठेवला तेव्हा मी गादीवर चढून बसले होते.

"रिखबभाऊ, लोकांले साबण विकतो आणि स्वतः धोंडा वापरतो?"

त्यानं ठिपक्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. "अक्का, खरं सांगू? दिवसभर बोलायचं म्हटलं तर हाच बरा. हाताला बसतो."

"माह्या हाताला बसलेला तो तुह्या हाताले बसला. आणि हा सरकारचा आहे, अभिमनच्या बापाचा नाही. झुलाल लाइनमनले सांगू का, तुमचा फोन इथं गादीवर बसून व्यापार करू राहिला म्हणून?"

"घेऊन जा, अक्का. आत्ता घेऊन जा."

"दहा वाजले. आधी एक फोन करते. तू ओट्यावर जाऊन बस."

"माझ्याच दुकानातून?"

"माह्याच फोनवरून."

तो गेला. मी बोट घातलं. दहावं घर, सगळ्यात लांबचं. चकती पूर्ण फिरली आणि आडणी बोटाला लागली. दुसरं, पाचवं, सहावं, दुसरं. मग त्यांच्या घरचा. घंटा एकदाच वाजली. पोर फोनवर हात ठेवूनच बसलेली असावी.

"माय, मागच्या शनिवारी कुठी होती तू? मी तासभर इथंच बसले होते."

"वडीनं घोळ केला. नंतर सांगते. बोल."

ती आधी रडली. मग म्हणाली, "माय, मले घेऊन जा. यांची काही हरकत नाही, पण आईसमोर त्यांचं तोंड उघडत नाही. मी दोनदा बरं आहे म्हटलं, तुले कळलं नाही का?"

"कळलं. उद्या दहाला तयार राहा. लुगडी चार भर, बाकी इथं आहे."

रिसीव्हर ठेवला, फोनची वायर काढली आणि फोन काखेत मारून, वडी पिशवीतच ठेवून घरी आले; ती परत मागायची रिखबचंदची हिंमत झाली नाही. अभिमन जेवायला आला तेव्हा तो पूर्वीच्या जागी बसलेला होता. अभिमननं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भाकरी मोडली.

"उद्या जीप सांग," मी म्हटलं. "कुंदाले आणायचं आहे."

"पण ती तर बरं आहे म्हणाली होती."

"सुनंदा, याले अजून एक भाकरी वाढ. मोजून वाढ, दोन झाल्या की कळत नाही त्याले."

सुनंदानं पदर तोंडाला लावला.

धुळ्याला रिकाम्या हातानं जाऊ नये. मी वीस मांडे नेले, आणि खोक्यात घालून ती वडी नेली. यशोदाबाई दारातच दवाखान्याचं बोलायला लागल्या होत्या. मी खोका त्यांच्या हातात दिला.

"विहीणबाई, तुमच्यासाठी. फॉरेनसारखा आहे."

त्यांनी वडी उलटीपालटी करून पाहिली. बोटं लांब, निमुळती, नखं जागच्या जागी. चुलीची ओळख नसलेली बोटं. बटणांवर एकेक बरोबर बसलं.

"माय वो," त्या म्हणाल्या, "कितला नाजूक शे."

"तुमच्या हातासारखाच," मी म्हटलं. "कुंदा, चल, बस जीपमध्ये."

वडीचं कौतुक शेजारणीला दाखवायला त्या पलीकडच्या दाराकडे वळल्या, तोवर जीप गल्लीच्या तोंडाशी आली होती.

आता त्या दर आठवड्याला नातवाची चौकशी करायला फोन करतात. म्हणतात, "आवाज नीट येत नाही, खांद्यावरून घसरू राहिला." मी म्हणते, तुमचा आवाज अगदी नीट येतो. दोन्ही हातांनी धरा, तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे.